बोडनझेची चक्कर आणि गिअरवाली युनिसायकल: हब आत्ता घेऊ नकोस, का ते सांगतो

तुझा प्रश्न दोनदा वाचला. म्युनिकला राहतोस, 29 इंची चाकाची युनिसायकल, म्हणजे एकचाकी सायकल, दीड वर्षापासून चालवतोयस, सलग 40 किमी जमतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात बोडनझे तलावाला पूर्ण चक्कर मारायची आहे, तीन दिवसांत. त्यासाठी श्लुम्फचं गिअर हब, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारा दोन गिअरचा भाग, घ्यावं का, घेतलं तर 29 इंची चाकात बसवावं की 36 इंची, आणि स्पीड किती वाढेल. मी फ्रीडरिक्सहाफनला राहतो म्हणजे तलाव माझ्या दारातच, गिअरवाली 36 चालवायला लागून अकरा वर्षं झाली आणि पोटापाण्यालाही गिअरबॉक्सच डिझाईन करतो, तेव्हा उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

सरळ सांगायचं तर या ट्रिपसाठी गिअर घेऊ नकोस. साधी 36 घे, सेकंडहँड, आणि चक्कर त्याच्यावर मार. गिअर वाईट आहे म्हणून नाही, मी स्वतः तेच चालवतो, पण सायकलवरून युनिसायकलकडे येणारा प्रत्येक जण गिअरबद्दल एकच चूक करतो आणि तुझ्या प्रश्नातही ती दिसतेय. सायकलला गिअर म्हणजे फक्त वेग आणि जोर. बॅलन्स हँडल बघतं. युनिसायकलला मात्र पेडल हेच इंजिन, पेडल हाच ब्रेक आणि पुढेमागे तोल सांभाळायचं एकमेव साधनही पेडलच. पुढे झुकलास की चाक पटकन पुढे रेटून शरीराखाली आणावं लागतं, मागे गेलास की दाबून धरावं लागतं, हे दर सेकंदाला चालूच असतं, आपल्याला आता कळतही नाही. गिअर टाकलास की हा जो तोल सावरायचा जोर आहे तोच दीडपटीपेक्षा जास्त कमी होतो. वेग मिळतो तो तोलाच्या बदल्यात.

आकड्यात बघ, म्हणजे पटेल. श्लुम्फ हबला दोनच गिअर, एक 1 ला 1, म्हणजे लो, आणि दुसरा साधारण 1 ला 1.55, म्हणजे हाय. क्रँकची, म्हणजे पेडलच्या दांड्याची, लांबी भागिले चाकाची त्रिज्या केली की पायाचा किती जोर रस्त्यावर पोचतो ते कळतं. तुझी 29, समजा 125 मिमी क्रँक, तर 0.34 येतात. साधी 36, 127 ची क्रँक, 0.28. त्याच 36 ला 110 ची क्रँक लावली तर 0.24. आणि गिअरवाली 36, लांब 150 ची क्रँक लावूनसुद्धा, हायमधे 0.21. म्हणजे तू 0.34 वरून एकदम 0.21 वर उडी मारायला निघालायस, मधल्या दोन पायऱ्या गाळून. गंमत म्हणजे तीच मशीन लोमधे 0.33 असते, म्हणजे लोमधे तुला अगदी तुझी 29च वाटेल, अरे हे तर सोपं आहे म्हणशील, आणि मग टाचेने बटण दाबशील. इथेच घोडं पेंड खातं.

आता आत काय होतं ते थोडं, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. हबच्या आत प्लॅनेटरी गिअर आहे, मधे सन गिअर, भोवती छोटे प्लॅनेट, बाहेर दात आत असलेली रिंग. लोमधे सगळं एकमेकांना लॉक होऊन एकसंध फिरतं, साध्या हबसारखं. हायमधे सन गिअरला धरून ठेवतात, क्रँक प्लॅनेटना फिरवते आणि रिंग, म्हणजे चाक, जास्त वेगाने फिरतं. पण सन गिअरला धरणार कोण? फ्रेम. म्हणून या हबला फ्रेमही तशी लागते, बेअरिंगच्या जागी ते फिरू नये अशी सोय असलेली, कुठल्याही स्वस्त फ्रेममधे बसवून चालत नाही, हे विकत घेताना आधी विचारून घे. डिझाईन फ्लोरियान श्लुम्फ या स्विस इंजिनिअरचं, कॅनडाच्या क्रिस होल्मबरोबर मिळून त्याची युनिसायकलवाली आवृत्ती नावारूपाला आली. आमच्याकडे ऑफिसात पूर्ण टेस्ट बेंचवर जे गिअरबॉक्स फिरतात त्यांच्याकडे बघून मला नेहमी वाटतं की हा माणूस नारळाएवढ्या जागेत, आणि तेही उलटसुलट दोन्ही दिशांनी सतत दणके खाणाऱ्या ठिकाणी, दोन गिअर बसवतो म्हणजे कमाल आहे. उलटसुलट हे महत्त्वाचं. सायकलमधे जोर एकाच दिशेला, इथे रेटणं आणि दाबून धरणं दोन्ही त्याच दातांवर. त्यामुळे हायमधे थोडी ढिलाई जाणवते, पेडल दाबून धरायला गेलास की पाय किंचित रिकामा जातो आणि मग चाक पकडतं. काही डिग्रीच असते पण पहिल्या महिन्यात ती ढिलाई जीव खाते, दर वेळी वाटतं की काहीतरी तुटलं.

शिफ्ट कसं करतात हे विचारलंस. क्रँकच्या मधोमध, अ‍ॅक्सलच्या टोकाला दोन्ही बाजूंना एकेक बटण असतं. एका बाजूचं दाबलं की हाय, दुसऱ्या बाजूचं दाबलं की लो, आणि दाबायचं टाचेने किंवा घोट्याच्या आतल्या बाजूने, चालू असताना, पेडलवरून पाय न काढता. म्हणजे पाय थोडा तिरका करून जाता जाता चापट मारायची. मी पहिले पंधरा दिवस रोज एका सुपरमार्केटच्या पार्किंगमधे, सगळं बंद असताना, कुंपणाला धरून नुसतं हेच केलं. घोट्याची आतली बाजू सोलून निघते, जुने मोजे दोन घाल.

हायमधे जाताना पाय अचानक जड होतात, त्यामुळे चापट मारताना शरीर किंचित पुढे हवं, नाहीतर चाक मागे राहतं आणि तू पण. पण हे सोपं. खाली येणं अवघड. हिशोब बघ: 36 चं चाक एका फेरीत साधारण 2.87 मीटर जातं, हायमधे पेडलच्या एका फेरीला 4.45 मीटर. हायमधे 20 च्या वेगाने चाललास तर पाय मिनिटाला 75 वेळा फिरतायत. तिथे लो केलंस की त्याच क्षणी पायांना 116 वेळा फिरावं लागतं. पायांना कोणी सांगितलेलं नसतं. पेडल पाय फेकून देतं आणि तू हवेत. म्हणून आधी वेग 13-14 वर आणायचा, मग खाली. आणि हे उतारावर किंवा सिग्नल दिसल्यावर घाईत होत नाही, आधीच ठरवावं लागतं. लांबच्या रायडिंगमधलं अर्ध डोकं हे पुढचे 200 मीटर वाचण्यात जातं, वळण आहे का, कोणी कुत्रं घेऊन चाललंय का, रेल्वेचं फाटक आहे का.

वेगाचं आता. 90 च्या लयीत पाय फिरले तर 29 साधी 12.5, 29 गिअरमधे 19 च्या आसपास, 36 साधी 15.5, 36 गिअरमधे 24. हे सगळे किमी ताशी. लोक 24 वाचतात आणि डोळे चमकतात. मी असं विचारतो, शाळेत 100 मीटर किती सेकंदात पळायचास? 15 सेकंदात पळत असशील तर तो वेग बरोबर 24 किमी ताशी होतो, आणि ते बूट बांधून, पोझिशन घेऊन, जीव तोडून. युनिसायकलवरून पडताना, ज्याला आपल्यात यूपीडी म्हणतात, माणूस पुढे उतरतो आणि चार पावलं पळून वाचतो. 15 वर हे मजेत होतं, मी फोनवर बोलत बोलत उतरलोय. 24 वर तुझे पाय तो वेग पकडूच शकत नाहीत, दुसऱ्या पावलाला हात जमिनीवर. म्हणजे गिअरमधली खरी मर्यादा फुफ्फुसं किंवा मांड्या नाहीत, पळून वाचता येईल त्याच्या पुढे किती वेळ शांत डोक्याने राहू शकतोस ही आहे. माझा सगळ्यात वाईट प्रसंग यूबरलिंगनजवळचा, साधारण 27 च्या वेगाला, डांबरातली बारीक भेग, बाकी काही कारण नव्हतं. रिस्ट गार्डचं प्लास्टिक घासून अर्ध झालं, गुडघ्याचं पॅड फाटलं आणि मला कोपरावर सात टाके. गार्ड नसते तर तळहाताचं काय झालं असतं याचा विचार करत नाही. हेल्मेट, रिस्ट गार्ड, गुडघ्याचे पॅड, हायमधे यातलं एक जरी घरी राहिलं तर मी त्या दिवशी लोमधेच चालवतो.

मग गिअर कशासाठी, असं विचारशील. फिरक्या वाचवायला. 100 किमीला साध्या 36 वर पेडलच्या साधारण 34,800 फेऱ्या होतात, हायमधे 22,500. फ्रीव्हील नाही, उतारावर पाय सोडून बसणं नाही, प्रत्येक मीटर पायाने मोजावा लागतो, तेव्हा बारा हजार फेऱ्या वाचणं म्हणजे काय हे संध्याकाळी गुडघ्यांना कळतं. मी हाय वापरतो ते सपाट, मोकळ्या, चांगल्या डांबरावर, वारा मागून असताना, आणि तेव्हाही 75-80 च्या आळशी लयीत 20-21 ने. समोरून वारा आला की लो. तीनचार टक्क्यांच्या वर चढ आला की लो. गर्दी दिसली की लो. अकरा वर्षांनंतरही लांबच्या दिवशी माझं हायमधलं अंतर निम्म्याच्या थोडं वरच असतं. हायमधे 36 चं चाक 36 गुणिले 1.55, म्हणजे 56 इंची चाकासारखं धावतं, याला गिअर इंच म्हणतात. 56 इंच ऐकायला भारी वाटतं पण रोड बाईकवर पुढे 34 मागे 16 दात असतील तर तेवढंच होतं, म्हणजे बाईकवाल्याचा आरामाचा गिअर. तो तुला हसत हसत ओव्हरटेक करणारच, मनाला लावून घेऊ नकोस.

हे गिअर इंच प्रकरण कुठून आलं माहितीये? त्या जुन्या मोठ्या चाकाच्या सायकलीवरून, पेनी फार्दिंग. तिला पण पेडल थेट चाकाला, म्हणून चाक जेवढं मोठं तेवढा वेग, ज्याची टांग लांब त्याला मोठं चाक. थॉमस स्टीव्हन्स नावाचा माणूस 1884 ते 1886 मधे 50 इंची चाकावर जगभर फिरला, लाहोरहून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने गेला होता तो. म्हणजे गिअरवाल्या 36 च्या हायमधे आपण त्याच्यापेक्षा थोड्या मोठ्या चाकावर बसलेलो असतो, फक्त मागचं छोटं चाक काढून टाकलेलं.

साध्या 36 वर भागेल का, ही शंका असेल तर एड प्रॅटचं उदाहरण घे. इंग्लंडमधल्या सॉमरसेटचा पोरगा, 2015 च्या मार्चमधे घरून निघाला आणि 2018 च्या जुलैमधे युनिसायकलवर जगाची चक्कर मारून परत आला, बिनगिअरच्या 36 वर, सामान चाकाच्या आजूबाजूला लटकवून. आणि सॅम वेकलिंगने 2007 मधे वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला 24 तासात 453.6 किमी मारले, सरासरी काढ, 18.9 येते, थांबे धरून. त्यापुढे तुझे दिवसाला 85-90 किमी म्हणजे काहीच नाही रे. त्याच्या पुढच्या वर्षी कॅनडात नोव्हा स्कोशियाला 800 किमीची टीम रेस झाली होती, तिथे गिअरवाले बरेच होते, पण तिथे तिघांनी आळीपाळीने चालवायचं असल्यामुळे दमलेल्या माणसाला उतरता येत होतं. एकट्याच्या टूरमधे दमल्यावर हाय गिअर हा सगळ्यात वाईट सोबती.

आता खरा प्रॉब्लेम, जो तू विचारलाच नाहीस. बूड. 40 किमी पर्यंत कळत नाही, 60 नंतर दुसरं काही सुचत नाही. सायकलवर वजन हात, पाय आणि सीट यात वाटलं जातं, इथे जवळजवळ सगळं सीटवर, आणि गिअरमधे तर अजूनच कारण पेडलवर उभं राहायची हिंमत कमी होते. सुन्न व्हायला लागलं तर दुर्लक्ष करू नकोस, उतर, दोन मिनिटं चाल, परत चढ. मी घड्याळात दर 25 मिनिटांचा अलार्म लावतो, दुखत नसलं तरी उतरतो, आधीच उतरलं तर दुखतच नाही ही गंमत आहे. चांगली पॅडवाली बिब शॉर्ट, आत काही घालायचं नाही, क्रीम भरपूर. सीट नाकाकडून किंचित वर, पण दर ट्रिपला अर्धा अर्धा मिलिमीटर छेडछाड करत बसू नकोस. पुढे लांब हँडल मात्र हवंच, टी बार किंवा तसलं काही, त्याच्यावर कोपर टेकवून दहावीस टक्के वजन जरी पुढे गेलं तरी दिवस वाचतो. सुरुवातीला हँडलवर रेललं की चाक डावीउजवीकडे पळतं, दोनतीन आठवड्यात जातं ते.

टायरची हवा. 36 मधे कमी हवा असेल तर रस्ता कडेला जिथे उतरता असतो तिथे चाक सतत एका बाजूला ओढतं, आणि दिवसभर कंबर वाकडी करून ते सावरत बसतोस, संध्याकाळी एकच बाजू दुखते. मी 50 पीएसआयच्या आसपास ठेवतो, माझं वजन 74. टायरवर लिहिलेली मर्यादा बघ आधी. ब्रेक रिमवरचा हायड्रॉलिक पुरे, तो थांबायला नसतोच, उतारावर हलका धरून ठेवायला असतो म्हणजे गुडघ्यांवरचा भार कमी होतो.

रस्त्याबद्दल. बोडनझे राडवेग, म्हणजे तलावाभोवतीचा सायकलमार्ग, साधारण 260 किमी, तीन देशांतून, जवळजवळ सपाट. जर्मन बाजूला मेर्सबुर्ग, हाग्नाऊ, इमेनश्टाट हा पट्टा जुलै-ऑगस्टमधे विसरून जा, मुलं, ट्रेलर, इ-बाईकवाले आजीआजोबा, तिथे गिअरवाली 36 काय आणि साधी 36 काय, 10 च्या वर जाताच येत नाही आणि चढउतर करून करून जीव जातो. प्रत्येक सिग्नल म्हणजे उतरणं आणि 36 वर परत धावत चढणं, दिवसात असं चाळीस वेळा झालं तर तोच व्यायाम. म्हणून मी मेच्या शेवटी किंवा सप्टेंबरमधे जातो, मधल्या वारी. ब्रेगेंझ सोडून ऱ्हाइनच्या मुखाचा भाग आला की मोकळं, तिथे मात्र दक्षिणेकडून फ्योन, म्हणजे आल्प्सवरून खाली येणारा गरम जोरदार वारा, असेल तर अंदाज आधी बघून ठेव, मोठ्या चाकाला बाजूने झोत बसला की एकदम अर्धा मीटर सरकतोस. स्विस बाजूला रोर्शाख, आर्बोन, रोमन्सहॉर्न ते क्रॉइझलिंगन, सफरचंदांच्या बागा, रस्ता चांगला आणि रेल्वे बाजूलाच, म्हणजे अंगातलं संपलं तर कुठेही स्टेशन. जास्तच झालं तर रोमन्सहॉर्नहून बोटीने थेट आमच्या गावी ये. दिशा मी डाव्या हाताला तलाव ठेवणारी घेतो, लोक म्हणतात उजव्या हाताला ठेवा म्हणजे पाणी जवळ राहतं, पण मला सकाळचं ऊन डोळ्यात नको असतं, हे आपलं माझं.

माझा टाईम विचारलास, गिअरवाल्यावर चांगल्या दिवशी 100 किमीला थांबे धरून सव्वासहा तास, प्रत्यक्ष चाकावर पाच तास दहा मिनिटं. साध्या 36 वर होतो तेव्हा चाकावरच सव्वासहा लागायचे. म्हणजे हजार युरोच्या वर किंमत असलेल्या हबने वाचवला एक तास. मला तो तास नको होता, मला गुडघे हवे होते, म्हणून घेतलं.

तर तुझ्यासाठी असं. आत्ता सेकंडहँड साधी 36 बघ, शक्यतो गिअर हब चालेल अशी फ्रेम असलेली, दोन भोकांच्या क्रँक, म्हणजे पेडल दोन लांबींवर लावता येतं अशा, मिळाल्या तर उत्तम, माझ्या 127 आणि 150 च्या आहेत. आधी 150 वर शीक, ऑक्टोबरपर्यंत 127 वर ये, हिवाळ्यात बर्फ नसेल तेव्हा 110 लावून बघ. 110 वर उतारावर डोकं शांत राहायला लागलं की तू 0.24 वर आलास, मग हाय गिअरचं 0.21 फक्त एक पायरी राहते. तेव्हा हब घे. आणि तेव्हाही 29 की 36 विचारशील तर शहरात राहणाऱ्याला मी 29 सांगेन, हायमधे ती 45 इंच होते म्हणजे साध्या 36 पेक्षा जोरात, लोमधे सिग्नल, फुटपाथ, ट्रेन सगळीकडे आटोपशीर, आणि पुण्याला सुट्टीत न्यायची असेल तर विमानाच्या खोक्यात मावते तरी. माझी 36 एकदाही भारतात आलेली नाही, आईने अजून ती फक्त व्हिडिओवर बघितलीये आणि दर वेळी एकच विचारते, दुसरं चाक कधी घेणार.

जुनं हब कोणी विकत असेल तर घेण्याआधी चालवून बघ, निदान वीस वेळा शिफ्ट कर, लोड असताना दाताचा कटकट आवाज येतो का ऐक, ग्रीस कधी भरलं विचार. आणि ती बटणं बारीक स्क्रूने घट्ट केलेली असतात, तो स्क्रू ढिला होऊन बटण पडतं. माझं आर्बोनच्या पुढे पडलं, गवतात अर्धा तास शोधलं, मिळालं नाही, घरापर्यंतचं सगळं लोमधे. तेव्हापासून त्याची छोटी अ‍ॅलन की आणि एक जादा बटण टेपने सीटच्या खाली चिकटवून ठेवलंय.